ब्रेसच्या आतले लेकरू

पाठीमागून पाहिले असता माणसाचा कणा सरळ दिसावा, अशी निसर्गाची योजना आहे. काही मुलांत वाढीच्या वयात तो एका बाजूस झुकतो आणि झुकताना स्वतःभोवती पिळलाही जातो. एक खांदा वर जातो, कंबरेची एक बाजू भरल्यासारखी दिसते आणि पुढे वाकल्यावर पाठीचा एक भाग उंचावतो. ग्रीक भाषेतील 'स्कोलिओस', म्हणजे वाकडे, या शब्दावरून या व्याधीला स्कोलिओसिस असे नाव पडले. दहा ते सोळा वर्षे वयाच्या शंभर मुलांत दोघातिघांना ती कमीअधिक प्रमाणात असते. त्यांतील बहुतेकांना उपचारांची गरज पडत नाही. मोठी वक्रता मात्र मुलांपेक्षा मुलींमध्ये कितीतरी अधिक आढळते. बहुतेकांच्या बाबतीत नेमके कारण आजही सापडत नाही. दप्तराचे ओझे, वाकून बसण्याची सवय किंवा आईच्या हातून घडलेली कसलीशी हयगय, यांपैकी काहीही त्याला कारण नसते.

वक्रता पंचवीस अंशांच्या पुढे गेली आणि वाढीची वर्षे शिल्लक असली, तर डॉक्टर ब्रेस घालायला सांगतात. छातीपासून कंबरेखालपर्यंत येणारे हे प्लास्टिकचे घट्ट कवच दिवसाचे अठरा तास किंवा त्याहून अधिक आणि तेही दोन-तीन वर्षे अंगावर वागवायचे असते. आपले शरीर इतरांसारखे असावे, अशी ओढ ज्या वयात सर्वांत तीव्र असते, नेमक्या त्याच वयात हे कवच चढते.

ब्रेसचा इतिहास वैद्यांनी पुष्कळ लिहिला आहे. धातू कोणता, पट्टे किती, दाब कोठे, याची त्यात बारीक नोंद आहे. पण त्या कवचाच्या आतल्या लेकराला काय वाटते, हे विचारायला वैद्यकाला जवळजवळ चारशे वर्षे लागली. तो प्रवास येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे. कारण त्याच्या अखेरीस जो निष्कर्ष हाती आला, तो आईबापांच्या विशेष उपयोगाचा आहे.

कवच नव्हते तेव्हा

ब्रेस नव्हता त्या काळी अशा मुलांचे काय होत असे, याची साक्ष आपल्या ख्रिस्तसभेच्या एका संत स्त्रीच्या चरित्रात मिळते. कास्तेल्लोची संत मार्गारेट १२८७ साली मध्य इटलीत एका सरदार घराण्यात जन्मली. ती अंध होती, एका पायाने अधू होती आणि तिच्या पाठीला कुबड होते. चरित्रकार सांगतात की, घराण्याची अब्रू जाईल या भयाने आईवडिलांनी तिला सहाव्या वर्षीच एका प्रार्थनामंदिराला लागून असलेल्या खोलीत कोंडून ठेवले. ती सुमारे सोळा वर्षांची झाल्यावर चित्ता दि कास्तेल्लो या गावी, चमत्कारांबद्दल ख्याती असलेल्या एका समाधीपाशी ते तिला घेऊन गेले. चमत्कार घडला नाही. मुलीला तेथेच सोडून आईवडील परतले.

पुढे त्या गावातील गोरगरीब कुटुंबांनी तिला आळीपाळीने आपल्या घरी ठेवून घेतले. ती दॉमिनिकन तृतीय संघात दाखल झाली. ती मुलांना शिकवी, आजाऱ्यांची आणि तुरुंगातील बंदिवानांची विचारपूस करी. १३२० साली, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती निवर्तली. १६०९ साली तिला धन्यवादित घोषित करण्यात आले आणि २४ एप्रिल २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिची संतांमध्ये गणना केली. तिच्या चरित्रात चमत्कारापेक्षा एक साधी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. आईवडील सरळ पाठीची वाट पाहत राहिले. गावाने मात्र पाठ न पाहता लेक पाहिली. ब्रेसचा पुढचा सारा इतिहास या दोन नजरांच्या मधोमध चालत आला आहे.

चिलखतकाराचे काम

कण्याला दाबून, ताणून सरळ करण्याचे प्रयत्न हिपोक्रेटीसच्या काळापासून झाले. अंगावर घालून वावरता येईल अशा धातूच्या कवचाचे स्पष्ट वर्णन मात्र सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद अँब्र्वाझ पारे याने केले. तो रणांगणावर जखमी सैनिकांची शुश्रूषा करीत शिकलेला माणूस. चार राजांच्या पदरी राहूनही, आपण फक्त मलमपट्टी केली, बरे करणारा परमेश्वर, असे म्हणणारा. चिलखते घडविणाऱ्या कारागिरांकडून त्याने लोखंडी पत्र्याचे कवच करवून घेतले. वजन कमी व्हावे म्हणून त्याला भोके पाडलेली असत आणि अंगाला बोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर असे. मूल वाढीचे असेल तर हे कवच साधारण तीन महिन्यांनी बदलावे, असेही त्याने सांगून ठेवले. वाढत्या शरीराबरोबर ब्रेसही बदलत राहिला पाहिजे, हे आजचे सूत्र त्याला तेव्हाच उमगले होते. मुलींना लहानपणापासून घट्ट कंचुकीत आवळण्याच्या तत्कालीन रिवाजालाही त्याने दोष दिला होता. त्या मुली काय म्हणत, याचा उल्लेख मात्र त्याच्या वर्णनात येत नाही.

आतला माणूस प्रथम दिसतो तो इंग्रज कवी अलेक्झांडर पोप याच्या रूपाने. पोपचा जन्म १६८८ साली एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्या काळी इंग्लंडात कॅथलिकांना लंडनपासून दहा मैलांच्या आत राहण्यास बंदी होती आणि विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती. त्यात किशोरवयातच पोपला कण्याचा क्षय जडला. हा स्कोलिओसिस नव्हे. पण पाठीचे वाकणे आणि लोकांच्या नजरा त्याच्याही वाट्याला आल्याच. उंची साडेचार फुटांच्या आसपासच राहिली. डॉ. जॉन्सन यांनी त्याच्या चरित्रात लिहून ठेवले आहे की, सकाळी ताठ कॅनव्हासची बंडी आवळून बांधल्यावाचून त्याला सरळ बसताही येत नसे. पाय इतके किडकिडीत की, ते भरलेले दिसावेत म्हणून तो मोज्यांचे तीन-तीन जोड चढवी.

१७११ साली त्याचा एक ग्रंथ गाजला, तेव्हा जॉन डेनिस या टीकाकाराने काव्याबरोबर त्याच्या शरीरावरही तोंडसुख घेतले आणि त्याला कुबड्या बेडकाची उपमा दिली. पोपची लेखणी तिखट होती. त्याने पुढे अनेकांना सव्याज परतफेड केली. इंग्रजी काव्यात तो अजरामर झाला, तरी मोज्यांचे ते तीन जोड शेवटपर्यंत सुटले नाहीत. बुद्धी कितीही तल्लख असो, चारचौघांत आपले शरीर कसे दिसते हे शल्य कर्तृत्वाने आपोआप जात नाही, हे आपण येथे ध्यानी घ्यावे.

रोपटे आणि खुंटा

१७४१ साली पॅरिसमध्ये निकोला आंद्री या वयोवृद्ध वैद्याचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'पेस' म्हणजे मूल, हे दोन ग्रीक शब्द जोडून त्याने 'ऑर्थोपेडी' असा नवा शब्द घडविला. आपण ज्याला अस्थिव्यंगशास्त्र म्हणतो, त्याच्या मूळ नावातच अशा रीतीने मूल आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पुस्तक वैद्यांपेक्षा आईबापांसाठीच अधिक होते. त्यात एक चित्र आहे. वाकड्या खोडाचे एक कोवळे झाड शेजारी रोवलेल्या सरळ खुंट्याला दोराने बांधले आहे. मुलाचा वाकडा पाय कसा सरळ करावा, हे समजावण्यासाठी आंद्रीने ही उपमा योजली होती. पुढे हेच झाड जगभरच्या अस्थितज्ज्ञांच्या संस्थांचे बोधचिन्ह बनले.

उपमा सुंदर आहे. पण अपुरी आहे. झाडाला लाज वाटत नाही. शेजारच्या झाडांना दोर नाही, आपल्यालाच का, असे ते विचारीत नाही. रात्री कोणी पाहत नसताना दोर सोडून ठेवण्याचाही त्याला मोह होत नाही. लेकराला हे सर्व होते.

एकोणिसाव्या शतकात साधने वाढली, पण दृष्टी तीच राहिली. न्यूयॉर्कचे डॉ. लुइस सेअर यांनी १८७७ साली आपली पद्धत ग्रंथरूपाने मांडली. रुग्णाला हनुवटी आणि काखा यांच्या आधाराने तिकाटण्याला टांगायचे आणि कणा ताणलेला असतानाच धडाभोवती प्लास्टरच्या पट्ट्या गुंडाळायच्या. ही पद्धत युरोप-अमेरिकेत फार लोकप्रिय झाली. त्या काळच्या छायाचित्रांत उघडी पाठ स्पष्ट दिसते. ती पाठ कोणाची होती आणि टांगलेले असताना तिच्या मनात काय चालले होते, हे मात्र छायाचित्र सांगत नाही.

मिलवॉकी ते बॉस्टन

विसाव्या शतकात पोलिओच्या साथींनी हजारो मुलांचे कणे वाकवले. त्यांच्यावरील शस्त्रक्रियेनंतर आधार म्हणून अमेरिकेतील मिलवॉकी शहरात डॉ. वॉल्टर ब्लाउंट आणि डॉ. अल्बर्ट श्मिट यांनी १९४५च्या सुमारास एक ब्रेस तयार केला. कंबरेला घट्ट पट्टा, त्यातून वर जाणारे धातूचे तीन दांडे, पुढे एक आणि मागे दोन. वर गळ्याभोवती कडे आणि हनुवटीला टेकण. पुढे शस्त्रक्रियेविनाही तो स्कोलिओसिसच्या मुलांना देण्यात येऊ लागला. दिवसाचे तेवीस तास तो घालावा लागे. उरलेला एक तास स्नानासाठी आणि व्यायामासाठी. हनुवटीवरील दाबाने दात आणि जबडा बिघडू लागल्यावर ते टेकण काढून गळ्यापाशी लहान साचा बसविण्यात आला. तरीही गळ्याभोवतीचे कडे कोणत्याही कपड्याखाली लपत नसे. वर्गात शिरताच ते सर्वांना दिसे.

येथेच इतिहासाला वळण मिळाले. १९७० साली अमेरिकेतील एका बालवैद्यक नियतकालिकात, मिलवॉकी ब्रेस वापरणाऱ्या मुली या प्रसंगाला मनाने कशा सामोऱ्या जातात, यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तीनच वर्षांनी, १९७३ साली, जुडी ब्ल्यूम या लेखिकेची 'डीनी' ही किशोरांसाठी लिहिलेली कादंबरी आली. तिची नायिका तेरा वर्षांची आहे. मुलीने मॉडेल व्हावे, हे आईचे स्वप्न. आणि मुलीला निघतो स्कोलिओसिस. चार वर्षे ब्रेस घालायचा, असे कळताच घर हादरते. आईला वाटते स्वप्न मोडले, मुलीला वाटते आपण मोडलो. डीनी रागावते, आडमुठेपणा करते, केस कापून टाकते. पण हळूहळू तिच्या नजरेत फरक पडतो. त्वचाविकार असलेल्या ज्या वर्गमैत्रिणीला हात लावायलाही ती कचरत असे, तिच्याशीच तिची मैत्री जुळते. शेवटी पाठ सरळ झाल्याचा सोहळा नाही. ब्रेस अंगावर असतानाच जगणे पुढे चालू होते. ज्या गोष्टीची नोंद घ्यायला वैद्यकीय ग्रंथांना शतके लागली, ती एका कादंबरीने शाळकरी मुलींच्या हाती दिली.

याच सुमारास साधनातही बदल झाला. १९७२ साली बॉस्टन येथे डॉ. जॉन हॉल आणि ब्रेस बनविणारे कारागीर विल्यम मिलर यांनी काखेखालीच संपणारा प्लास्टिकचा ब्रेस तयार केला. गळ्याचे कडे गेले. सैल सदऱ्याखाली ब्रेस झाकता येऊ लागला. बहुसंख्य मुलींसाठी हा फरक फार मोठा होता. आता ही गोष्ट कोणाला सांगावी आणि कोणाला नाही, हे ठरवणे त्यांच्या हाती आले.

तापमापकाची साक्ष

मात्र एक प्रश्न शिल्लक होता. ब्रेसचा खरोखर उपयोग होतो काय? १९९५ साली नाकेमसन आणि पीटरसन यांनी मुलींच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीतून होकार दिला, तरी शंका मिटली नाही. त्याचे एक मोठे कारण असे की, मूल सांगते तितके तास ब्रेस घालते की नाही, हे कोणालाच नक्की ठाऊक नसे. डॉक्टर विचारीत, आई पढवलेले उत्तर देई आणि मूल खाली पाही.

२०१३ साली अमेरिका आणि कॅनडातील पंचवीस केंद्रांतून झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात दहा ते पंधरा वर्षे वयाची २४२ मुले होती. ब्रेसमध्ये एक छोटा तापमापक बसविला होता. शरीराची ऊब लागली की वेळेची नोंद होई. वाढ पूर्ण होईपर्यंत वक्रता पन्नास अंशांवर जाऊ नये, म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ येऊ नये, हे यश मानले होते. ब्रेस दिलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांना ते लाभले; नुसत्या देखरेखीखाली असलेल्यांपैकी ४८ टक्क्यांना. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. दिवसाकाठी सरासरी तेरा तास वा अधिक ब्रेस घालणाऱ्यांत यशाचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. सहा तासांहून कमी घालणाऱ्यांची स्थिती ब्रेस न घातलेल्यांपेक्षा बरी नव्हती.

या आकड्यांचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. ब्रेस कपाटात असताना काही करीत नाही. तो अंगावर असतानाच काम करतो. आणि तो अंगावर राहतो की नाही, हे ठरते मुलाच्या मनात. चारशे वर्षे ज्याला उपचाराबाहेरची गोष्ट मानले गेले, ते मनच उपचाराचा निम्मा भाग असल्याचे अखेर एका तापमापकाने सिद्ध केले.

दुसरेही एक सत्य त्यात दडलेले आहे. ब्रेसविनाही जवळजवळ निम्म्या मुलांवर शस्त्रक्रियेची वेळ आली नव्हती. पण त्या निम्म्यांत आपले मूल असेल की नाही, हे आधी कोणालाही नेमके सांगता येत नाही. शिवाय ब्रेसचे यश डोळ्यांना दिसत नाही. कणा बाणासारखा सरळ होत नाही. वक्रता वाढली नाही, इतकेच. एवढ्यासाठी तीन वर्षे सोसायचे, हे तेरा वर्षांच्या मुलीला पटणे सोपे नाही. तिच्या अश्रूंना हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे.

दिलासा देणारी बाजूही आहे. त्याच अभ्यासात ब्रेस घालणाऱ्या आणि न घालणाऱ्या मुलांच्या एकंदर जीवनमानात लक्षणीय फरक आढळला नाही. स्वीडनमध्ये ब्रेस किंवा शस्त्रक्रिया यांतून गेलेल्या स्त्रियांची सुमारे बावीस वर्षांनंतर पाहणी झाली आणि २००१ साली ती प्रसिद्ध झाली. त्यांचे विवाह आणि अपत्ये यांबाबत त्या समवयस्क स्त्रियांपेक्षा फारशा वेगळ्या नव्हत्या. मात्र १९९७ साली अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील शाळकरी मुलांच्या पाहणीत, स्कोलिओसिस असलेल्या मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा अधिक वेळा येतात, असे आढळले होते. म्हणून, बहुतेक मुले सावरतात हे खरे असले, तरी प्रत्येक मूल आपोआप सावरेल असे गृहीत धरता येत नाही. मूल गप्प-गप्प राहू लागले, शाळा टाळू लागले, जेवणावरून त्याची वासना उडाली, तर अस्थितज्ज्ञाबरोबर समुपदेशकाचीही भेट घ्यावी.

मुलींनी स्वतःही वाट काढली. २००६ साली न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंड येथे लिया स्टोल्ट्झ या ब्रेस घालणाऱ्या शाळकरी मुलीने आपल्यासारख्या मुलींना एकत्र जमविले. 'कर्व्ही गर्ल्स' या नावाने ते मंडळ पुढे अनेक देशांत पसरले. कपडे कोणते घालावेत, शाळेत काय सांगावे, उन्हाळा कसा काढावा, अशा गोष्टी तेथे मुलीच मुलींना सांगतात. आपण एकट्या नाही, ही जाणीव कोणत्याही उपदेशापेक्षा मोठी ठरते.

आपल्या घरी

आपल्याकडे मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली पुनर्वसनाची केंद्रीय संस्था उभी राहिली, तेव्हापासून अशी साधने सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येऊ लागली. ब्रेस आता मिळतो. अडचण असते ती घरात आणि अंगणात. मे महिन्याच्या दमट उकाड्यात प्लास्टिकचे कवच अंगावर असताना मुलीचा जीव किती मेटाकुटीला येतो, याची कल्पना पंख्याखाली बसून 'घाल ग' म्हणणाऱ्याला येत नाही. मिस्सा आटोपून चर्चबाहेर पडताच कोणी मावशी चारचौघांत पाठीला हात लावून पाहते. 'हिच्या लग्नाचे कसे?' हा प्रश्न मुलीच्या देखतच विचारला जातो. काही ठिकाणी तर दृढीकरण संस्काराच्या दिवशी फोटोत दिसू नये म्हणून ब्रेस काढायला मोठी माणसेच सांगतात. मग ती वस्तू लाजिरवाणी आहे, हा धडा मुलीने दुसऱ्या कोणाकडून शिकायचा राहत नाही.

इतिहासातून जे हाती लागते ते साधे आहे. पहिले काही आठवडे रडण्याचे असतात; ते रडू द्यावेत. आत सुती, शिवण नसलेला बनियन असावा आणि त्वचा कोठे लाल होते ते रोज पाहावे. ब्रेसचा रंग कोणता, तासांची वाटणी कशी, कोणत्या मैत्रिणीला आधी सांगायचे, हे मुलीने ठरवावे. खेळ आणि पोहणे यांसाठी डॉक्टर बहुधा ब्रेस काढू देतात. तो वेळ तिच्याकडून हिरावून घेऊ नये. चुकलेल्या तासांचा जाब विचारण्याऐवजी ते का चुकले, हे विचारावे. मुलगा असेल तर त्याने रडू नये, ही अपेक्षा तर मुळीच बाळगू नये.

आपण ख्रिस्ती माणसे अशा वेळी चटकन 'आपला क्रूस वाहा' असे सांगतो. शब्द पवित्र आहेत. पण ते दुसऱ्याच्या खांद्यावर टाकण्यासाठी नाहीत. प्रभूच्या क्रूसाच्या वाटेवर कुरेनेकर शिमोनाने उपदेश केल्याचे शुभवर्तमानात कोठे आढळत नाही. त्याने खांदा दिला. आणि लूकच्या तेराव्या अध्यायात, अठरा वर्षे वाकून चालणाऱ्या स्त्रीची कथा आहे. शब्बाथाच्या दिवशी सभास्थानात ती आली, तेव्हा तेथील अधिकाऱ्याला नियम दिसला. प्रभूने तिला जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि टीका करणाऱ्यांसमोर तिला अब्राहामाची कन्या म्हटले. त्या सभास्थानात तिच्या वाकण्याने तिला ओळखणारे पुष्कळ असतील. नात्याने ओळखणारा एकच निघाला.

आपल्या धर्मग्रामातही यंदा एखादे लेकरू सैल सदरा घालून शेवटच्या बाकावर बसत असेल. त्याच्या कण्याची काळजी डॉक्टर आणि कारागीर घेतील. त्याला नावाने हाक मारून, थोडे सरकून, आपल्या शेजारी जागा करून देणे हे काम मात्र आपले आहे.